मेल इथे थांबत नाही

आमच्या स्टेशनच्या पार्सलखोलीत एक कोपरा होता. गाडीत विसरलेलं, फलाटावर राहून गेलेलं सामान तिथे ठेवत. एक पायातली चप्पल, छत्री, पितळी डब्याचं झाकण, कुणाची तरी ढोलकी. मालक आला नाही तर वर कळवायचं, असा नियम होता. मालक यायचा नाही आणि वरून उत्तरही यायचं नाही. सामान आपलं साचत जायचं!

किस्स्यांचंही तसंच. दिवसाला चार गाड्या, प्रत्येकीला दोन-चार मिनिटं. उरलेला सगळा दिवस माणसं करणार काय? बोलणार. आता त्या बोलण्याचे धनी बहुतेक उरले नाहीत. म्हटलं, आपणच जाऊन सोडवून आणावं.

स्टेशनचं नाव सावळी रोड. जालना आणि परतूर यांच्या मधलं, निजाम सरकारच्या छोट्या लाईनवरचं. सावळी गाव ओढ्यापलीकडे दीड कोसावर. इकडे फक्त दगडी इमारत, चार लिंबाची झाडं, इंजिनाला पाणी देणारी उंच लोखंडी टाकी, आणि चहूकडे काळ्या रानातला कापूस. दुपारी फलाटावर बसलं की रूळ लांबवर जाऊन वितळल्यासारखे दिसायचे. मला लहानपणी वाटायचं, गाडी त्या वितळलेल्या जागेतूनच जन्माला येते.

माझे वडील, आप्पा, तिथे स्टेशनमास्तर होते. सगळे त्यांना मास्तरसाब म्हणत.

* * *

आप्पांची ओळख एका किश्शात करून देते.

रोज दुपारी चार वाजता तारेच्या यंत्रावर ‘टाइम’ यायचा. सगळ्या लाईनवरच्या स्टेशनांनी त्या क्षणाला आपापली घड्याळं मिळवून घ्यायची. आप्पा टोपी घालून घड्याळासमोर उभे राहत. रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन गफूरचाचा हातातलं काम ठेवून देत. गावातले कापसाचे व्यापारी रतनलालशेठ साखळीचं घड्याळ तळहातावर घेऊन दारात थांबत. यंत्र टकटकलं की आप्पा काटा सरकवत, शेठजी किल्ली फिरवत, आणि सावळीचा दिवस पुढे चालू लागे.

एकदा वावटळीत तार तुटली. चार वाजून गेले. टाइम काही येईना.

शेठजी म्हणाले, “मास्तरसाब, मंग आता किती वाजले म्हणू?”

“घड्याळात सव्वापाच आहेत. खरे किती, ते वरून आल्याशिवाय मी सांगू शकत नाही.”

शेठजी जैन. सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायला घर गाठायचं होतं. पण घड्याळ न मिळवता जायचं मन होईना. सावल्या लांबत रुळांवर जाऊन पडल्या. शेवटी गफूरचाचांना राहवेना.

“मास्तरसाब, सूरज डूब रहा!”

“डुबू द्या,” आप्पा म्हणाले. “त्याला आपली ऑर्डर लागत नाही!”

असे आप्पा.

* * *

आमच्याकडे गाडीला लोक आदल्या दिवशीच येत. तीर्थपुरीकडून, मंठ्याकडून बैलगाड्या सुटायच्या, लिंबाखाली चुली मांडायच्या, मुक्काम पडायचा. गाडी चुकण्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं.

एकदा तीर्थपुरीचं एक बिऱ्हाड आलं. म्हातारी, तिचा लेक, सून आणि गाठोडी. भाकरी तव्यावर असतानाच पॅसेंजर आली. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. गार्डने शिट्टी तोंडात धरून ठेवली. गफूरचाचा पळत गेले.

“आजी, चलो जल्दी! गाडी लगी!”

म्हातारीने मान वर केली नाही. “ही न्हाई आमची. आमची उद्याची हाय.”

“उद्या बी हीच येणार, आजी.”

“मंग उद्या बसू. लेकीला बुधवार सांगितलाय. मंगळवारीच दारात जाऊन उभं राह्यलं तर तिची सासू काय म्हणंल?”

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच गार्ड. म्हातारी डब्यात चढता चढता त्याला म्हणाली, “काल उगाच आल्ता बघा तुम्ही. एवढ्या लांबून!”

* * *

आता माझ्यावरच येते.

मी सावळीच्या शाळेत चौथी झाले. पुढची शाळा जालन्याला. तिथे आमचं ओळखीचं कुणी नाही की राहायची सोय नाही. त्याच सुमारास भोकरदनच्या एका घरून माझ्यासाठी विचारणा आली होती. घर खाऊनपिऊन सुखी. तेव्हा दहा-अकराव्या वर्षी असं होतच असे. म्हणजे माझ्यापुढे दोनच स्टेशनं होती, जालना नाहीतर भोकरदन. आणि भोकरदनला तर रेल्वेच नाही!

आई एरवी फार बोलत नसे. त्या दिवशी बोलली, “तिला आधी शिकू द्या. नाहीतर आयुष्यभर माझ्यासारखी मालगाडीचे डबे मोजत बसेल.”

अडचण गाडीची होती. जालन्याकडे जाणारी पॅसेंजर दुपारी साडेबाराला. शाळा साडेदहाला भरायची. संध्याकाळी परतायला पॅसेंजर होती. सकाळी नऊला मेल होती, पण ती सावळीला थांबत नसे. एकेरी लाईन. लाईन मोकळी असल्याची खूण म्हणून मिळणारा लोखंडी गोळा हाती पडल्याशिवाय कोणत्याही ड्रायव्हरने पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही. मेल आमच्यापाशी फक्त थोडी हळू व्हायची, गफूरचाचांनी वेताच्या कड्यात अडकवून उंच धरलेला गोळा ड्रायव्हर हात घालून ओढून घ्यायचा, आणि गेली!

मी आप्पांना विचारलं, “माझ्यासाठी एक मिनिट नाही का थांबणार?”

“मेल इथे थांबत नाही,” आप्पा म्हणाले. पण त्या दुपारी त्यांनी तीन कागद फाडून चौथ्यावर अर्ज लिहिला.

उत्तर दीड महिन्याने आलं. सोबत माझा जालन्यापर्यंतचा शाळेचा पास! आणि खाली लिहिलं होतं की, इंजिनला पाणी घेण्याखेरीज मेल सावळी रोड येथे थांबवता येणार नाही. न थांबणाऱ्या गाडीचा पास हातात घेऊन मी उभी राहिले. आई आत निघून गेली.

गफूरचाचा कोपऱ्यात सिग्नलच्या दिव्याची काच पुसत होते. ते हळूच म्हणाले, “मास्तरसाब, वो आखरी की लाइन फिरसे पढो.”

आप्पांनी वाचली.

“हौ,” चाचा म्हणाले, आणि पुन्हा काच पुसू लागले.

त्याच आठवड्यात त्यांनी एक दिवस रजा घेतली. कुणी तरी भाची आजारी आहे म्हणून जालन्याला जाऊन आले.

शनिवारी सकाळी आईने सहालाच माझी वेणी घातली. “आज कुठे जायचंय?” मी विचारलं. “कुठे नाही. मान सरळ ठेव,” म्हणाली.

नऊला मेल आली. चाचांनी गोळा दिला. पण गाडी पुढे जाईचना! ब्रेक करकरले आणि इंजिन बरोबर टाकीखाली येऊन उभं राहिलं. गळ्यात लाल रुमाल बांधलेल्या अँथनी ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

“मास्टर, पानी मंगता!”

आप्पा धावत बाहेर आले. “पुढे जालन्याला पाणी आहे की!”

“हमको मालूम है, मास्टर,” अँथनी म्हणाला. “इंजन को कौन समझाएगा?”

आप्पांनी वर टाकीकडे पाहिलं. मग वळले, खोलीत गेले आणि रजिस्टर उघडून लिहू लागले. आईने मागून माझ्या पाठीला हात लावला. मी जनाना डब्यात चढले, तेव्हा आप्पांची नजर कागदावर होती. पुढे सहा वर्षं मी रोज मेलमध्ये चढले. आप्पांनी ते एकदाही पाहिलं नाही. त्या वेळी ते नेहमी लिहीत असत.

* * *

मेल थांबू लागली, हे शेठजींच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? एक दिवस ते पागोटं बांधून तिकिटाच्या खिडकीशी हजर.

“मास्तरसाब, जालना. मेलचं.”

“मेलचं तिकीट सावळीहून मिळत नाही. मेल इथे थांबत नाही.”

शेठजींनी मागे वळून पाहिलं. पूर्ण मेल समोर उभी होती, वाफ सोडत.

“मंग ही काय उभी हाय?”

“ती उभी नाही,” आप्पा म्हणाले. “ती पाणी पिते आहे!”

शेठजी दुपारच्या पॅसेंजरने गेले. पण जाण्याआधी चाचांना म्हणाले, “मास्तरसाब साधा माणूस न्हाई बरं का. आमच्या धंद्यात असता तर आम्हाला उठवून दिलं असतं!”

* * *

जालन्याची शाळा उर्दूतून होती. पहिले सहा महिने मला नकाशातल्या नद्या तेवढ्या कळायच्या, कारण त्या निळ्या होत्या. हळूहळू अक्षरं लागली. शुक्रवारी, जुम्म्याची सुट्टी असली की, मी फलाटाच्या बाकावर बसून मोठ्याने वाचायची आणि गफूरचाचा ऐकायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एखादी कविता आवडली की डोळे मिटून म्हणायचे, “फिरसे पढो, बेटी.” वारा कापसाच्या रानावरून यायचा, तारा गुणगुणायच्या, आणि मी तीच कविता तिसऱ्यांदा वाचत असायची. अजून ती पाठ आहे. अर्थ नंतर कळला.

एकदा त्यांनी मला फलाटाच्या टोकाच्या पाटीखाली नेलं. पाटीवर तीन लिप्या होत्या.

“बीस साल से इसके नीचे खडा हूं. क्या लिखा है?”

मी वाचून दाखवलं. “उर्दूत सावळी रोड. इंग्रजीत सावळी रोड. मराठीतही सावळी रोड.”

“तीनों जगह एकच बात?”

“हो, चाचा.”

त्यांनी खालून तिन्ही ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, “इत्ता छोटा गाव. इत्ती बार कायको बताना?”

* * *

त्या दिवसांत सगळीकडे असायचे तसे आमच्याही फलाटावर पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते. एका टोकाला हिंदूंचा, दुसऱ्या टोकाला मुसलमानांचा. दोन्ही भरले जायचे टाकीच्याच नळाने.

एक गृहस्थ पॅसेंजरमधून उतरले. सोवळ्या-ओवळ्याचे कडक दिसत होते. माठापाशी उभे राहून त्यांनी चौकशी सुरू केली. पाणी कुठल्या विहिरीचं? ओढलं कुणी? भरलं कुणी?

चाचा लांबूनच म्हणाले, “महाराज, ये इंजन का पानी है.”

“म्हणजे?”

“पहले इंजन पीता, फिर हम लोगां. इंजन की जात किसी को मालूम नहीं!”

गृहस्थांनी माठाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि दोन तांबे प्यायले.

* * *

पाण्यावरून आठवलं. आप्पांचा नेम असा की, ‘पाणी घेतलं’ असं लिहायचं, तर पाणी घेतलंच पाहिजे. खोटी नोंद त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. आणि अँथनीचं इंजिन परतूरलाच पोटभर पिऊन आलेलं असायचं! तरी चाचा रोज नळी लावायचे, चक्र फिरवायचे. पाणी इंजिनाच्या भरल्या टाकीत पडायचं आणि सगळं काठावरून खाली, रुळांच्या कडेला वाहायचं.

वाया जाणारं पाणी चाचांना बघवेना. त्यांनी चर खणून ते लिंबाकडे वळवलं आणि मेथी टाकली. मग कोथिंबीर आली, वांगी आली. माझ्या सातवीला पेरूचं झाड कमरेएवढं झालं. सगळ्या मुलुखात फुफाटा उडत असताना सावळीच्या फलाटाशेजारी हिरवागार चौकोन असायचा. मेलमधले लोक खिडकीतून बघायचे. अँथनीला आई कधी कधी मेथीची जुडी बांधून द्यायची.

तो म्हणायचा, “बाई, हमारे इंजन का पसीना बहुत मीठा है!”

* * *

शेवटचं वर्ष आलं. मॅट्रिकची परीक्षा जालन्यालाच होती. भोकरदनच्या मुलाचं एव्हाना लग्न होऊन गेलं होतं. पण दुसऱ्या घरांकडून विचारणा येतच होत्या, आणि आप्पांनी सांगून ठेवलं होतं, “मॅट्रिक झाली तर तिला मास्तरीण होऊ देऊ. नाही झाली तर पुढचं पाहू.” पुढचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी परतूरकडून ट्रॉली आली. चार माणसं ढकलत होती, आणि छत्रीखाली मोठे साहेब बसले होते, रेल्वेचे तपासनीस. लाल रूमी टोपी, पांढरी दाढी. न सांगता आलेले. ते आप्पांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी रजिस्टरं मागवली. एक नव्हे, सहा वर्षांची.

मी दाराआड उभी होते. पानं उलटण्याचा तेवढा आवाज येत होता. चारला दोन मिनिटं कमी असताना आप्पा म्हणाले, “साहेब, माफ करा. टाइम येतोय.” आणि टोपी घालून घड्याळापुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी वर पाहिलं. मग तेही उठले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि आप्पांच्या शेजारी उभे राहिले. यंत्र टकटकलं. दोघांनी काटे मिळवले. दोघंही परत जागेवर आले.

“मास्टरसाहब, आप बहुत साफ लिखते हैं,” साहेब म्हणाले.

“जी.”

“ये मेल का इंजन रोज यहां पानी पीता है. चार मिनट.”

“जी.”

“जुम्मे को नहीं पीता.”

आप्पा दौतीचं झाकण लावू लागले.

“ईद को नहीं. दीवाली में नहीं.” साहेबांचं बोट पानावरून सरकत होतं. ते एका जागी थांबलं. “और ये देखिए. मई का महीना. सारा मुल्क प्यास से मर रहा है. और आपका इंजन पूरी गर्मी एक घूंट नहीं लेता!”

बाहेर गफूरचाचा मेथीला पाणी घालत होते. त्यांचा हात थांबला.

“साहेब, जे झालं ते लिहिलंय,” आप्पा म्हणाले.

“और जो नहीं लिखा?”

आप्पांनी खण उघडला आणि सहा वर्षांपूर्वीचं ते उत्तर टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग दाराकडे बघून मला बोलावलं.

“इम्तिहान कब है?”

“उद्या. दहाला.”

“कौनसा पर्चा?”

“गणिताचा.”

त्यांनी मान हलवली. तपासणीची वही पुढे ओढून तांबड्या शाईत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. ‘सावळी रोड येथे मेलच्या इंजिनला पाणी देणे आजपासून बंद.’ सही केली. ट्रॉलीत बसले आणि आले तसे परतूरकडे गेले.

त्या संध्याकाळी शेठजींनी आपली बैलगाडी देऊ केली. पण ती माल घेऊन मंठ्याला गेलेली, पहाटेच परतणार होती. मग बैल कितीही पळवले तरी दहाच्या आत जालना शक्य नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. “उद्याचा पेपर परवा घ्यायला सांगा की त्यांना,” असं पुटपुटत ते घरी गेले. आप्पांनी तांबड्या शाईखाली ‘वाचले’ असं लिहून सही केली.

सकाळी सहाला आईने वेणी घालायला घेतली.

“आई, मेल थांबणार नाही.”

“माहीत आहे. मान सरळ ठेव.”

मी पास, दौत आणि टाक घेऊन फलाटावर उभी राहिले. का उभी राहिले, सांगता येणार नाही. रूळ जिथे वितळतात तिथून धूर उठला. मेल आली. चाचांनी कडं उंच धरलं. अँथनीला बातमी लागली असावी. त्याने गोळा घेतला, डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. एक डबा गेला. दुसरा गेला. मी डबे मोजत होते.

शेवटी गार्डच्या डब्याला जोडलेला साहेबांचा पांढरा सलून, त्यांचा फिरतीचा खास डबा, आला. त्याच्या खिडकीतून एक लाल झेंडी बाहेर आली.

ब्रेक करकरले.

सलून बरोबर आमच्या नळापाशी थांबला होता. मोठे साहेब खिडकीत बसले होते. त्यांनी एक मातीची सुरई बाहेर काढली.

“मास्टरसाहब, इंजन का पानी बंद है,” ते म्हणाले. “हमारा नहीं.”

आप्पा वळले, खोलीत गेले आणि रजिस्टर उघडून लिहू लागले. शेजारच्या डब्यातून गार्डने मला हात दिला. मी वर चढून मागे पाहिलं.

गफूरचाचांनी धावत येऊन सुरई घेतली होती. झाकण काढून त्यांनी आत बघितलं. ती काठोकाठ भरलेली होती. चाचांनी ती सावकाश मेथीच्या वाफ्यात ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग नळाखाली धरली, आणि धार करंगळीएवढी बारीक केली.